अलिबागला जायचंय: गेटवेची बोट, भाऊच्या धक्क्याची रो-रो, रेवसची लाँच की अटल सेतू?

दिवाळी सरते, रात्रीचा पंखा पाचावरून तीनवर येतो आणि माझ्या फोनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागतो: “अलिबागला बोटीने जाऊ की गाडी काढू?” माझं माहेर किहीमजवळ आणि सासर परळला. गेली वीस-बावीस वर्षं मी हे बंदर सगळ्या तऱ्हांनी ओलांडलंय. कडेवर बाळ घेऊन, सासूबाईंचे गुडघे सांभाळत, आंब्याच्या पेट्यांसकट, आणि एकदा तर आईचं शिवणयंत्र घेऊन. त्यामुळे ऑफिसातल्या मैत्रिणीपासून नणंदेच्या जावेपर्यंत सगळ्या मलाच विचारतात. दर वेळी तेच सांगून घसा दुखतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

‘बोट की गाडी’ इतका सोपा हा प्रश्न आता राहिलेला नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरून अलिबाग तालुक्यात उतरायच्या चार वाटा चालू आहेत. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरान आणि लाँच. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो, जिच्या पोटात गाड्या जातात. त्याच धक्क्याहून रेवसला जाणारी जुनी लाँच. आणि शिवडीला अटल सेतूवर चढून पेण-वडखळमार्गे रस्त्याने.

आधी घड्याळाचं बघू

सगळे जण समुद्रावरचाच वेळ सांगतात. मांडव्याला तासाभरात, असं म्हणतात, आणि ते खोटंही नाही. पाण्यावरून हे अंतर जेमतेम १८-१९ किलोमीटर आहे, आणि जुन्या रस्त्याने फिरून गेलं तर १०० किलोमीटरच्या वर. पण तुम्ही काही धक्क्यावर राहत नाही आणि मांडव्याच्या जेट्टीवर झोपायलाही जात नाही.

परळच्या आमच्या दारापासून अलिबागच्या एसटी स्टँडपर्यंतचा हिशेब मी कितीदा तरी केलाय. गेटवेने जायचं तर टॅक्सीला अर्धा-पाऊण तास, रांग आणि वाट बघणं अर्धा तास, पाण्यावर तास, मांडव्याहून बसने पाऊण तास. रो-रोने जायचं तर धक्का वीस-पंचवीस मिनिटांवर, पण गाडी घेऊन बऱ्यापैकी आधी हजर राहावं लागतं. मग पाण्यावर तास, गाडी उतरायला दहा-पंधरा मिनिटं, पुढे पाऊण तास. रेवसची लाँच थोडी संथ, पाण्यावर तासाच्या वरच जाते, आणि पुढे एसटीची वाट बघायची. सेतूवरून मोकळ्या दिवशी अडीच तास, शनिवारी सकाळी निघालात तर किती ते वडखळची कोंडीच ठरवेल. बेरीज केली की चारही वाटा तीन तासांच्या अलीकडे-पलीकडे येऊन थांबतात.

म्हणजे वेळ वाचवायला म्हणून यातलं काही निवडू नका. तीन तास जाणारच आहेत. बोटीने गेलात तर त्यातला एक तास वारा खाता, गाडीने गेलात तर तिन्ही तास कुणीतरी एक जण क्लच दाबत बसतो (आमच्याकडे तो कुणीतरी ठरलेला आहे आणि परत येईपर्यंत त्याची कंबर बोलत असते). मला विचाराल तर खरा प्रश्न एकच आहे. पलीकडे उतरल्यावर तुम्हाला स्वतःची गाडी लागणार आहे का? त्याचं उत्तर मिळालं की बाकीचं आपोआप सुटतं.

हा हिशेब दक्षिण आणि मध्य मुंबईवाल्यांचा. ठाणे, नवी मुंबई, पनवेल, कल्याणकडच्यांनी बोटीसाठी उलट मुंबईत येण्याचा खटाटोप करू नये. त्यांना सरळ पेणमार्गे रस्ता जवळ पडतो. गाडी नसेल तर पनवेलहून एसटी आहे, किंवा दिवा-रोहा मार्गावरच्या गाडीने पेणला उतरून पुढे एसटी. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, हे दर वर्षी कुणाला तरी सांगावं लागतं. बोरिवली-मालाडवाल्यांचं दोन्हीकडून सारखंच. त्यांनी चर्चगेटपर्यंत लोकलने यायची तयारी असेल तर बोट, नसेल तर सेतू.

गेटवे ते मांडवा: हात मोकळे असतील तर

माझी आवडती वाट हीच. ती का आवडते आणि कुणी टाळावी, दोन्ही सांगते.

गेटवेची मोठी सोय म्हणजे तिकिटातच पुढची बस असते. बोट मांडव्याला लागली की बस उभीच असते, आणि ती थेट अलिबागला सोडते. येतानाही तसंच. अलिबागहून बोटीच्या वेळेच्या हिशेबाने बस सुटते आणि तिच्यात बसलात की बोट चुकायची भीती नाही. दोन-तीन कंपन्यांच्या बोटी आलटून पालटून सुटतात, त्यामुळे दिवसभरात फार ताटकळावं लागत नाही. बससकट तिकीट माणशी दोन-तीनशेच्या घरात. एसी खालचा डेक आणि वरचा मोकळा डेक यांच्या तिकिटांत फरक असतो. वरचा डेक घ्या. एसीत बसून बंद काचेतून समुद्र बघायचा तर टीव्ही काय वाईट होता?

बोट सुटल्यावरची पहिली पंधरा मिनिटं मला अजूनही पुरत नाहीत. ताजमहाल हॉटेलचा घुमट आणि १९२४ साली उघडलेली ती कमान मागे मागे सरकत लहान होतात. एका अंगाला नौदलाच्या करड्या बोटी, दुसऱ्या अंगाला नांगर टाकून निवांत पडलेली मालवाहू जहाजं. आपली बोट त्यांच्या पोटाखालून गेल्यासारखी जाते, तेव्हा मुंबई बंदर किती राबतं ते कळतं. थंडीत सीगल येतात आणि लोक त्यांना गाठिया-वेफर्स फेकतात. फेकू नका. एक तर ते त्यांचं खाणं नव्हे, आणि दुसरं म्हणजे तुमच्या मागच्या बाकावरच्या माणसाच्या डोक्यावर काय पडतं ते तुम्हाला दिसत नाही.

आता अडचणी. गेटवेला चढणं-उतरणं हा म्हाताऱ्या माणसांचा विषय नव्हे. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच खाली जातं. त्यामुळे कधी बोट धक्क्याच्या बरोबरीने असते, तर कधी शेवाळलेल्या पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. गर्दीच्या वेळी बोटी एकीला एक लावून बांधतात. मग पहिल्या बोटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी माणसं ओलांडत जातात. खलाशी हात देतात, पोरंबाळं उचलून घेतात, सगळं होतं. पण सासूबाईंना एकदा तसं नेलं आणि त्यानंतर घरात बोटीचं नाव काढलं की त्या रामरक्षा म्हणायला लागतात. मोठ्या बॅगा असतील तर तीच गत. सामान एका हातात मावेल इतकंच ठेवा, दुसरा हात खलाशासाठी मोकळा.

दुसरी अडचण पोहोचण्याची. गेटवेपर्यंत गाडी नेऊन ती तिथे दोन दिवस लावायची, हा विचार मनात येत असेल तर आताच काढून टाका. सीएसएमटी किंवा चर्चगेटहून टॅक्सी बरी. २०२५च्या ऑक्टोबरपासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते, तेव्हा हुतात्मा चौकाला उतरून चालत येणं हाही चांगला पर्याय झालाय, सामान कमी असेल तर. शिवाय गेटवेला आत शिरताना तपासणी असते आणि रविवारी तिथे अर्धी मुंबई फोटो काढायला आलेली असते. अर्धा तास हातात ठेवा.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी: ही वाट बारमाही नाही. मेअखेरीपासून साधारण ऑगस्ट संपेपर्यंत गेटवे-मांडवा बंद असते. पावसाळ्यात अलिबाग बघायचं ठरवलं असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा.

रो-रो: गाडी, गुडघे आणि पाऊस

२०२०च्या मार्चमध्ये ही बोट सुरू झाली, आणि आठवड्याभरात टाळेबंदी लागली. तिच्या नशिबाची आम्हाला तेव्हा कीवच आली होती. पण नंतर तिने अलिबागकडच्या लोकांचं जगणं किती बदललं, ते तिकडच्यांना विचारा. ग्रीसमध्ये बांधलेली ही बोट शंभरावर गाड्या आणि शेकडो माणसं एका खेपेत नेते. आकाराने मोठी, म्हणून हलतेही कमी. ज्यांना बोट लागते त्यांनी डोळे मिटून हीच घ्यावी.

सासूबाईंचा प्रश्न रो-रोनेच सोडवला. गाडी परळच्या दारात त्यांच्यासमोर लावायची, भाऊच्या धक्क्याच्या टर्मिनलवर रॅम्पवरून सरळ बोटीत घ्यायची, वर जाऊन तासभर चहा प्यायचा, आणि मांडव्याला पुन्हा गाडीत बसून अंगणात उतरायचं. पायऱ्या नाहीत, उड्या नाहीत. लग्नकार्याला जाताना, बरोबर लहान बाळ, त्याचं बोचकं आणि घरचं कुत्रं असेल तेव्हा याला तोड नाही. सायकलवाले आणि मोटरसायकलवाले यांची तर ही हक्काची बोट. अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे मुंबईहून बाइकवर अलिबागला जायचं तर एकतर खाडी फिरून वाशी-पनवेलचा वळसा, नाहीतर रो-रो. बाइकवाल्यांना मी दुसरं काही सांगतच नाही.

मग सगळ्यांनी रो-रोच का घेऊ नये? कारण पैसे. माणसाचं तिकीट ठीक आहे, पण छोट्या गाडीचंसुद्धा एका बाजूचं भाडं अटल सेतूच्या टोलच्या कितीतरी पट पडतं. जाऊन-येऊन हिशेब केला तर त्या पैशांत गेटवेने जाऊन दोन दिवस रिक्षा ठरवून फिरता येतं, वर पापलेटचं जेवण होतं. चार-पाच जण गाडीत असतील आणि तीन-चार दिवस राहायचं असेल तर भाडं अंगावर येत नाही. दोघंच, एका रात्रीसाठी, आणि जागा मांडव्यापासून दहा मिनिटांवर असेल तर गाडी बोटीत घालून नेणं ही चैन आहे. चैन करायला माझी ना नाही. चैन आहे हे माहीत असावं, इतकंच.

जागा आधी आरक्षित करावी लागते आणि शनिवार सकाळची, रविवार संध्याकाळची गाड्यांची जागा आधीच भरून जाते. ऐन वेळी धक्क्यावर जाऊन बघू म्हणाल तर परत फिरावं लागेल. गाडीशिवाय नुसते प्रवासी म्हणूनही जाता येतं, पण मग गेटवेसारखी पुढची बस तिकिटात धरलेली असेलच असं समजू नका. विचारून घ्या, नाहीतर मांडव्याला रिक्षावाला सांगेल तो भाव. माझ्यावर ती वेळ आली होती. उन्हात पंधरा मिनिटं घासाघीस करून वीस रुपये कमी केले आणि त्या वीस रुपयांचं तिथेच शहाळं प्यायले.

पावसाळ्यात गेटवे बंद असते तेव्हा रो-रो चालू राहते. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, हे मात्र धरून चालायचं. जून-जुलैत मी निघायच्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या आधी फेरी आहे का ते बघते, मग चहा. कंपनीचा संदेश येतो कधी, कधी उशिरा येतो.

रेवसची लाँच: स्वस्त, संथ, आपली

भाऊचा धक्का म्हटलं की शहरातल्यांना मासळी आठवते. धक्क्याला हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ‘भाऊ’, यांनी १९व्या शतकात हा धक्का बांधला. कोकणात जाणाऱ्या माणसांचे पाय तेव्हापासून या बाजूला वळलेत. आजही पहाटे इथे आलात तर एकीकडे मासळीचे लिलाव, दुसरीकडे पाट्या घेऊन उतरणाऱ्या कोळणी, आणि मधून वाट काढत रेवसची लाँच गाठणारे आम्ही. चपला जुन्या घाला. नाकाला त्रास होत असेल तर रो-रोच्या टर्मिनलकडे जा, ते वेगळं आणि चकाचक आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून टॅक्सी केली की धक्का जवळच.

रेवसची लाँच सगळ्यांत स्वस्त आहे. बाके लाकडी, गप्पा मोठ्याने, आणि बरोबर कुणाची तरी कोंबडी असायची शक्यता. पर्यटक इथे क्वचित दिसतात. नोकरीवाले, बाजारवाले, आजारी माणसाला दाखवून परत नेणारे असे प्रवासी. तुमचं गाव रेवस, बोडणी, मांडवा-सासवणे या पट्ट्यात असेल तर हीच लाँच सोयीची. थेट अलिबाग शहरात जायचं असेल तर रेवसहून पुढे पंचवीसेक किलोमीटर एसटीने जावं लागतं, आणि एसटी व लाँच यांची वेळ जुळेलच असं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या पाहुण्याला मी ही वाट सांगत नाही. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला आवर्जून सांगते.

या वाटेला ओहोटी नडते. रेवसच्या बाजूला गाळ साचतो आणि पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागायला अडचण होते, मग फेऱ्या पुढे-मागे होतात. निघायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवणं ही आमच्याकडे जुनी सवय आहे. माझे वडील पंचांगात तिथी बघून सांगायचे, “आज नको, दुपारी पाणी नाही.” आता मोबाइलवर दिसतं, पण अष्टमीला पाणी कमी चढतं-उतरतं आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, इतकं डोक्यात ठेवलं तरी काम भागतं.

आणि याच वाटेवर ‘रामदास’ बुडाली. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. सणाला घरी निघालेली माणसं घेऊन बोट सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकापाशी वादळी समुद्रात उलटली. सहाशेंहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. अलिबाग तालुक्यातल्या कितीतरी गावांत त्या दिवशी घरटी माणूस गेला, असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या मी लहानपणी ऐकल्यात. आमच्याकडे गटारीला कुणी समुद्र ओलांडायचा म्हटला तर आजी काही न बोलता त्याच्या चपला आत नेऊन ठेवायची.

मग बोट सुरक्षित आहे का?

हे लोक हल्ली पहिल्यांदा विचारतात, आणि विचारायलाच हवं. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्याआधी २०२०च्या मार्चमध्ये मांडव्याजवळ एक प्रवासी बोट कलंडली होती. तिथे पोलिसांची गस्तीची बोट वेळेवर पोहोचली आणि ८८ प्रवासी वाचले.

एलिफंटाच्या अपघातानंतर लाइफ जॅकेटची सक्ती कडक झाली. तुम्ही काय करायचं? जॅकेट हातात देतात तेव्हा उकडतंय म्हणून मांडीवर ठेवू नका, घाला आणि पट्टे आवळा. लहान मुलाच्या मापाचं मागून घ्या. मोठ्यांचं जॅकेट पोराच्या गळ्यात नुसतं अडकवलेलं मी नेहमी बघते, त्याचा काही उपयोग नसतो. बोट डोळ्यांना भरलेली दिसत असेल तर ती सोडा आणि पुढची घ्या. तिकीट काढलंय म्हणून चढलंच पाहिजे असं नाही. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर चर्चाच नको. त्या दिवशी लाँच सुटत नाहीत.

अंकांनी पाहिलं तर मुंबई-गोवा महामार्ग बोटीपेक्षा सुरक्षित आहे, असं मला कुणी पटवून देऊ शकेल असं वाटत नाही. पण बोटीची भीती वेगळी असते, ती पायाखाली जमीन नसण्याची. ज्यांना ती वाटते त्यांना मी आग्रह करत नाही. सासूबाईंना इतक्या वर्षांत पटलं नाही, तुम्हाला एका लेखात कुठून पटणार.

अटल सेतू: रात्रीची वाट

१२ जानेवारी २०२४ला शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाला तेव्हा आमच्या घरात बोटीचं आता काय होणार, यावर वाद झाला होता. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. शिवडीला चढलात की वीस मिनिटांत पलीकडच्या टोकाला, चिर्ल्याला. सुरुवातीला गाडीचा एका बाजूचा टोल २५० रुपये ठरला. विजेवरच्या गाड्यांना २०२५च्या ऑगस्टपासून माफी आहे.

पण वीस मिनिटांत तुम्ही अलिबागला जात नाही, चिर्ल्याला जाता. तिथून न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदराच्या कंटेनरांच्या संगतीत पळस्प्याकडे, मग मुंबई-गोवा महामार्गाने पेण, वडखळ, आणि वडखळहून पोयनाड, कार्लेखिंड करत अलिबाग. सेतूने वाशी आणि पनवेलमधला वळसा वाचवला, हे मान्य. वडखळ ते अलिबाग हा शेवटचा अरुंद पट्टा मात्र जागच्या जागीच आहे, आणि शनिवारी सगळी मुंबई तिथेच येऊन अडते. गेल्या डिसेंबरात एका शनिवारी आम्ही सकाळी साडेआठला निघून दीड वाजता जेवायला बसलो. पूल ओलांडायला वीस मिनिटं लागली होती, ते वर सांगितलंच.

तरीही सेतूशिवाय पर्याय नाही अशी एक वेळ असते: रात्र. बोटी अंधार पडल्यावर थोड्याच वेळात संपतात. ऑफिस सुटल्यावर शुक्रवारी रात्री निघायचं असेल, किंवा मध्यरात्री फोन आला आणि जावं लागलं, तर रस्ताच. तेव्हा तो मोकळाही असतो. माझ्या वडिलांसाठी असा फोन आला तेव्हा आम्ही रात्री अकराला निघून एकच्या आत पोहोचलो होतो. त्या रात्री मी त्या पुलाला मनातल्या मनात हात जोडले.

नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूडकडे जाणाऱ्यांनीही रस्त्याचा विचार जरूर करावा. मांडवा तालुक्याच्या उत्तर टोकाला आहे, आणि तिथून मुरूडपर्यंतचा रस्ता लहान नाही. बोटीने उतरून पुढे दोन तास रिक्षात बसायला मजा येत नाही. उलट आवास, सासवणे, किहीम, थळ ही गावं मांडव्याच्या जवळ. तिकडे जाणाऱ्याने वडखळचा फेरा घालणं म्हणजे हाताला वळसा घालून घास घेणं.

धरमतर खाडीवर करंजा-रेवस पुलाचं काम सुरू झालंय. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८०पासून, आमच्याकडे या पुलाच्या गोष्टी ऐकवल्या जातात. तो झाला की हा लेख मला नव्याने लिहावा लागेल. तोवर करंजाहून रेवसला खाडी ओलांडणारी छोटी लाँच आहेच. उरणवाल्यांची ती रोजची वाट.

उरणचं नाव निघालंच आहे तर, मुंबईहून उरणला जायला भाऊच्या धक्क्याहून मोरा लाँच आहे, पण मोऱ्यालाही गाळाचा आणि ओहोटीचा तोच त्रास, आणि पावसाळ्यात तिकीटही वाढतं. जानेवारी २०२४पासून नेरूळ-बेलापूरहून लोकल उरणपर्यंत जाते. हार्बरवर राहणाऱ्याने लोकल धरावी. माझगाव-लालबागकडच्याने भरती बघून लाँच.

तर कोणी काय घ्यावं

दोघं-तिघं, हलकं सामान, नोव्हेंबर ते एप्रिल, राहायची जागा मांडवा ते अलिबाग या पट्ट्यात: गेटवे, दुसरा विचार करू नका. राहायच्या ठिकाणी आधी फोन करून रिक्षा सांगून ठेवा, दोन दिवसांना स्वतःच्या गाडीची उणीव भासत नाही. म्हातारी माणसं, तान्हं बाळ, बोट लागणारं कुणी, बाइक, किंवा पावसाळा: रो-रो, आणि जागा आधी धरा. मुरूडपर्यंत भटकायचं असेल, रात्री निघायचं असेल किंवा समुद्राची भीतीच असेल: सेतू, पण शनिवारी सकाळी सहाच्या आत पेण ओलांडा. खिशात पैसे कमी आणि हातात वेळ भरपूर असेल तर रेवस.

जाताना एक आणि येताना दुसरी, असंही जमतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आमचा नवरा-बायकोचा तोडगा असा: तो शुक्रवारी रात्री गाडी घेऊन सेतूवरून जातो, मी शनिवारी सकाळी गेटवेहून. रविवारी संध्याकाळी वडखळला अडकायची हौस नसते म्हणून गाडी रो-रोवर आणतो, एकाच बाजूचं भाडं पडतं. गाडीत मागे पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकवलेल्या असतात, त्या गेटवेच्या बोटीतून आणल्या तर शेजारचे नाक मुरडतात.

गेटवेच्या बोटीत जागा कुठली धरायची, हेही हमखास विचारतात. उजवीकडची, दोन्ही वेळा. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सकाळी जाताना ऊन डावीकडून येतं, आणि उजवीकडे सावलीत बसून कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपस्तंभ आणि पुढे मोकळा समुद्र दिसतो. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला असतं, तेव्हाही ऊन डावीकडूनच येतं. उजवीकडे करंजाचा डोंगर आणि न्हावाशेव्याच्या क्रेन असतात, सगळ्यावर तिरपं ऊन पडलेलं.